काकाची हळद

कोल्हार, ६ एप्रिल २०२५

चि. हनुमंत,

अनेक आशीर्वाद. चार वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे फोन उचलले नाहीत. गेल्या दिवाळीला तू कर्जतहून फराळाचा डबा पाठवलास, तो मी धुऊन, पुसून, रिकामा परत केला. भावाघरचा डबा रिकामा धाडू नये, हे आईनं आपल्या दोघांना एकाच ओट्यावर बसवून शिकवलं होतं. सगळ्याबद्दल माफ कर. डब्याबद्दल जरा जास्तच, कारण तो मी मुद्दाम रिकामा पाठवला होता.

आज लिहायला बसलो त्याचं कारण पार्थ. त्याचं लग्न ठरलं, नोव्हेंबरातली तारीख निघाली, हे मला आईकडून कळलं होतं. परवा त्याचा स्वतःचा फोन आला. म्हणाला, "काका, हळदीला पाटावर तुम्हीच पाहिजे. दुसरं कुणी बसलेलं मला चालणार नाही." मी म्हणालो, "बघू." तो म्हणाला, "तुमचं बघू म्हणजे नाही, असं पप्पा म्हणतात." तुझाच मुलगा आहे.

आपल्या घराची रीत मला ठाऊक आहे. आधी काका पिवळा, मग नवरदेव. थोरल्या काकानं कमरेला धोतर नेसून, उघड्या अंगानं नवरदेवाशेजारी पाटावर बसायचं, पहिला हात त्याला लागणार. पार्थला दुसरा काका नाही. आणि चार वर्षांपूर्वी चुलतभावाच्या सुनीलच्या हळदीत काय झालं होतं, ते तुलाही आठवत असेल. त्याबद्दल आज काही लिहीत नाही.

कारखान्याचा हंगाम आटोपला आहे. प्रयोगशाळेत आता काचेची भांडी धुण्यापलीकडे काम नाही, म्हणून रजा घेतली. येत्या गुरुवारी नगरला माझी एक छोटी शस्त्रक्रिया आहे. (अहिल्यानगर म्हणायचं, एसटीच्या पाटीवर बदललं, जिभेवर बदलायला वेळ लागतो.) कसली शस्त्रक्रिया ते लिहावं की लिहू नये, यावर कालपासून विचार करतो आहे. तूर्त हर्निया समज. रोजनिशीत मात्र मी 'हर्निया' असं लिहिलेलं नाही, एवढं प्रामाणिकपणे सांगून ठेवतो.

सौ. रेश्माला आशीर्वाद.

तुझा,
सहादेव


कोल्हार, २७ एप्रिल २०२५

चि. हनुमंत,

माझं बायपास झालेलं नाही. काळीज जागेवर आहे, चालू आहे.

तुझा फोन सविताने घेतला. तू रडत होतास, असं ती सांगते. "वयनी, दादाच्या काळजाचं आप्रेशन झालं, आन् मला घरचा मानूस असून गावाकडनं कळतंय व्हय?" असं म्हणालास म्हणे. तिनं फोन आईकडे दिला. आई म्हणाली, "त्याला काय बी न्हाई झालं, त्यो लाडू खातोय." हे खरं आहे.

ही अफवा कशी उठली ते सांगतो, कारण तिला मीच जबाबदार आहे. खोटं बोलायचं, तर आधी अभ्यास करायला हवा होता. गावात मी हर्निया सांगितला. दुसऱ्याच दिवसापासून माणसं भेटायला यायला लागली. शहाळी, बिस्किटांचे पुडे, शिऱ्याचे डबे, आणि डिंकाचे लाडू, जणू मी बाळंत झालो आहे. त्यात बनुआत्या आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"सहादू, हर्निया खाली आसतो ना रं?"

"हो आत्या."

"मंग पट्टा छातीला का बांधलाय?"

हनुमंत, माझं शिक्षण बी.एस्सी.पर्यंत झालेलं आहे. त्या क्षणी मी म्हणालो, "वर सरकला होता."

आत्यांनी मान डोलावली आणि उठल्या. पण संध्याकाळपर्यंत हर्निया छातीत गेला, रात्री काळजाला चिकटला, आणि कर्जतला पोचेस्तोवर त्याचं बायपास झालं.

आता खरं लिहितो. मी लायपोसक्शन करून घेतलं. छातीचं. आत नळी घालून चरबी ओढून घेतात, ते. माझ्या बाबतीत चरबीखाली थोडी गाठही होती, काही पुरुषांना असते तशी, ती एका बारीक चिरेतून वेगळी काढली. आजार म्हणावा तर नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून मी आपल्या विहिरीत उडी मारली नाही. तू, भावकीतली पोरं, सगळे पोहायचा आणि मी वर बसून कपडे राखायचो. "दादा अभ्यास करतोय" असं तू सगळ्यांना सांगायचास. मला ते बरं वाटायचं.

आणि मग सुनीलची हळद. मी एका बाजूला बनियनवर उभा होतो. तू मागून आलास, बनियन ओढून फाडलीस आणि ओरडलास, "आमच्या दादाला पान्हा फुटला, वासरू सोडा रं!" लोक हसले. कुणीतरी मोबाईल धरला होता. ते चित्रण भावकीच्या ग्रुपवर आठवडाभर फिरलं. मी न जेवता निघालो. तुला वाटलं असेल दादा रागावला, होईल शांत. मी रागावलो नव्हतो. रागावलो असतो तर शांत झालो असतो.

हे लिहून झालं. आता बरं वाटतं.

डॉक्टरीणबाई डॉ. अल्मास. प्लास्टिक सर्जन. पहिल्या भेटीत "शर्ट काढा" म्हणाल्या आणि मी दोन्ही हातांनी कॉलर धरून बसलो. त्या शांतपणे कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या, वर बघेनात. मग मीच काढला. त्यांनी तपासलं, रक्ताच्या, संप्रेरकांच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करायला लावली, कारण काही वेळा अशी वाढ दुसऱ्या आजारानं किंवा गोळ्यांनी होते, आधी ते पाहावं लागतं. सगळं ठीक निघालं. तेव्हा समोर बसवून बोलल्या.

"हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही, हे आधी पक्कं करा. मी आकार देते. वजन तुमचं तुम्ही सांभाळायचं. रक्त साकळू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, दोन बाजू अगदी सारख्या होतीलच असं मी लिहून देणार नाही. अजून काही विचारायचंय?"

मी विचारलं, "लोक हसणार नाहीत ना?"

त्या म्हणाल्या, "छाती मी कमी करीन. लोक काय म्हणतात ते माझ्या नळीत येत नाही."

शस्त्रक्रिया भूल देऊन झाली, मला काहीच कळलं नाही. एक रात्र ठेवून घेतलं. निघताना मी त्यांना विनंती करून काढलेल्या चरबीची बरणी पाहिली. सविता म्हणाली, "अहो, शी!" पण जन्म उसाच्या रसाची शुद्धता मोजण्यात गेला, न पाहून कसं चालेल? वर पिवळी चरबी, कढवून निवत ठेवलेल्या तुपासारखी, आणि खाली तांबूस पाणी. आधी आत औषधी पाणी सोडतात, म्हणजे रक्त कमी जातं आणि दुखतही कमी. त्यातलं उरलेलं पाणी पहिले एक-दोन दिवस टाक्यांतून गळत होतं. आईला वाटलं मी अंगावर तांब्या सांडला.

आता छातीला एक घट्ट बंडी आहे. सविता तिला चिलखत म्हणते. दिवसरात्र घालायची, फक्त अंघोळीला काढायची, महिना-दीड महिना. बाहेर ऊन कसं आहे ते तुला सांगायला नको. ज्या माणसानं जन्मभर बनियन सोडली नाही, त्याला बनियन सुटावी म्हणून त्याहून घट्ट बनियन घातली आहे. रोजनिशीत हे वाक्य लिहिलं आणि स्वतःशीच हसलो. हसलं की टाके ओढतात.

तुझा,
सहादेव


कोल्हार, ३० मे २०२५

चि. हनुमंत,

लिंबांचं पोतं मिळालं. बरोबर चिठ्ठी नव्हती. टेम्पोवाल्याला विचारलं, "काही निरोप?" तो म्हणाला, "लिंबं हायती म्हनले, अजून काय?" सविता तुझ्याशी फोनवर बोलली तेव्हा तू म्हणालास म्हणे, "मला दादासारखं लिव्हाया येत न्हाई." लिंबं चांगली आहेत. लोणचं घातलं.

मध्यंतरी माझी अवस्था वाईट होती. सूज उतरेना. निळे डाग हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे झाले. मी मनात म्हटलं, हळद लागली, आता पाटावर जायलाच नको. पण खाली हाताला कठीण लागत होतं, मूठभर खडे शिवून ठेवल्यासारखं. आणि कातडी बधिर. आंघोळीचं पाणी पडलं तरी दुसऱ्या कुणावर पडल्यासारखं वाटे. आरशात पाहिलं तर मला पूर्वीपेक्षा जास्तच फुगलेलं दिसलं. मी हे देवाच्या देण्याशी खेळलो की काय, शिकलेल्या माणसाला हे शोभतं का, एका हशासाठी अंग कापून घेतलं का, असे प्रश्न मी पानंच्या पानं लिहिले. मग नगर गाठलं.

डॉ. अल्मासबाईंनी दाबून पाहिलं. "छान चाललंय," म्हणाल्या.

"छान? दगड झालेत."

"आतून भरून येताना असं होतं. मऊ होईल. हलकी मालीश करा, बंडी घाला, मीठ कमी करा. आकार तीन महिन्यांनी दिसायला लागेल, सहा महिन्यांनी म्हणा हवं तर की झालं. तुमच्या कारखान्यात ऊस टाकला की लगेच साखर पडते का?"

त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. मी परत आलो.

दुसरी गोष्ट. आईला कळलं. मी अंगणाकडच्या खोलीत बंडी बदलत होतो, आई कडी न वाजवता आली. उभी राहिली. मी टॉवेल ओढला. ती म्हणाली, "व्हय रं, हे व्हतं का तुझं?" मग पलंगाच्या कडेला बसली आणि हसायला लागली. मला फार लागलं. म्हटलं, आईसुद्धा.

"तुला न्हाई हसत, येड्या. तुझ्या बापाला हसतीये. आप्पा कदी उगडं दिसलं का तुला?"

हनुमंत, आठवून बघ. आप्पा विहिरीवर बंडी घालून अंघोळ करायचे. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचे ते बंडीत. आपण त्याला शिस्त समजत आलो. आई म्हणाली, "सुनीलच्या बापाच्या हळदीला थोरलं काका म्हनून त्यांनला पाटावर बसावं लागलं. तर उपरनं गुंडाळून बसले. म्हनले, थंडी वाजती. वैशाखात!"

आई हसता हसता डोळे पुसत होती. "मला म्हाईत व्हतं. मी कदी इचारलं न्हाई, त्येंनी कदी सांगितलं न्हाई. सोन्यासारखा संसार झाला." थोड्या वेळानं म्हणाली, "तू डाक्टरकडं गेला ते बरंच केलं. पर त्यांला कुनी कायबी म्हनलं नव्हतं रं, तरी त्यांनला थंडी वाजलीच."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तुझा,
सहादेव


कोल्हार, १४ सप्टेंबर २०२५

चि. हनुमंत,

खडे विरघळले. बाईंचं खरं निघालं. छाती सपाट आहे. डाव्या बाजूला खाली एक लहानसा खळगा राहिला आहे, अंगठा टेकेल एवढा. बाई म्हणाल्या, तुम्ही दाखवल्याशिवाय कुणाला दिसणार नाही. मी सविताला दाखवला. तिला दिसला नाही. बोट ठेवून दाखवला. म्हणाली, "अहो, आता लोकांच्या हातात बोट देऊन दाखवत फिरणार का?" उजव्या बाजूला थोडी बधिरता अजून आहे, ती हळूहळू जाईल म्हणतात. चिरेचा व्रण शोधावा लागतो.

एक वाईट बातमी आहे, ती लाडवांमुळे. पोट वाढलं. दीड महिना जड उचलायचं नव्हतं, उन्हात चालायचं जिवावर आलं होतं, आणि भेटायला येणारं प्रत्येक माणूस डबा घेऊन येत होतं. नाही म्हणालो तर हर्नियावाला खात नाही म्हणजे दुखणं मोठं, अशी नवी अफवा उठली असती. तपासणीला गेलो तेव्हा बाईंनी काट्यावर उभं केलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"जिथल्या चरबीच्या पेशी काढल्या तिथं त्या परत येत नाहीत. पण बाकीच्या अंगातल्या आहेत ना! तुम्ही खाल्लं की त्या फुगणार. आणि फारच वाढलात तर छातीतही थोडं दिसेल. मी दार बंद केलंय, तुम्ही खिडकीतून आत घेताय."

तेव्हापासून सकाळी प्रवरेच्या पुलापर्यंत जाऊन येतो. गोड बंद. बनुआत्यांना सांगितलं, डॉक्टरांनी बंद केलं. त्या म्हणाल्या, "वर सरकलेल्या हर्नियाला गोड चालत न्हाईच." त्यांना सगळं माहीत असावं, असं मला आता वाटतं.

आणि एक तुला सांगायचं आहे, दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. छाती गेली, सवय गेली नाही. बनियन काढायची झाली की मी अजून दाराला कडी लावतो. परवा विहिरीवर गेलो, कुणी नव्हतं. शर्ट काढला. बनियनीला हात घातला आणि तसाच उभा राहिलो. वर वडाच्या फांदीवर एक होला बसला होता. त्याच्यापुढेही काढवेना. नळीत येत नाही म्हणतात ते हेच असावं. पार्थला मी अजून होकार दिलेला नाही. त्यानं विचारलं तर काय सांगू?

तुझा,
सहादेव


कोल्हार, २७ नोव्हेंबर २०२५

प्रिय हनुमंत,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही, शनिवारी हळदीआधी तुझ्या हातात देईन. तू परवा अक्षता घेऊन आलास तेव्हा तोंडानं सांगायला हवं होतं. तू निघून गेल्यावर सुचलं. मला नेहमी माणूस निघून गेल्यावरच सुचतं, म्हणून तर रोजनिशी लिहितो.

तुझं ते येणं मी तसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. दारात चार वर्षांनी उभा राहिलास आणि पहिलं वाक्य म्हणालास, "दादा, बारीक झालास." आई आतून म्हणाली, "पोट बघ आदी." तू अक्षता दिल्यास, पाया पडलास, आणि पिशवीतून ती पिवळी बंडी काढलीस. पुढं छापलेलं, 'पार्थची हळद'.

"ही काय आणलीस?" मी विचारलं.

"घरातल्या समद्या बाप्यांना शिवल्यात. औंदा नियम बदलला. कुनीबी उगडं बसायचं न्हाई. काका न्हाई, नवरदेव न्हाई. हळद बंडीवरच."

"रीत आहे ती, हनुमंत."

"रीत गेली खड्ड्यात. दादा, तुझी पत्रं रेश्मानं वाचून दाखवली. दोनदा. ते होल्याचं आलं तवा मी उठून गोठ्यात गेलो." तू माझ्याकडे न बघता बोलत होतास, बंडीची घडी पुन्हा पुन्हा घालत होतास. "मला वाटलं हुतं, लोक हसतील, तूबी हसशील. तू हसला न्हाई तवाच कळाय पायजे हुतं. चुकलं माझं. चार वरीस मला कुनाच्या हळदीत मजा आली न्हाई."

मी म्हणालो, "बस, चहा घे." एवढंच. खरं म्हणजे मला बरंच काही म्हणायचं होतं.

सविताने चहा ठेवला, आणि तू एकदम हसलास. "आन् खरं सांगू का? बंड्या तुझ्या एकट्यासाठी न्हाई." उठून शर्टाची बटणं काढलीस. "ह्ये बघ. दोन वर्सात आलं. आमच्या घरान्याची देनगी." तू पोटाची आणि छातीची मिळून जी एक घसरगुंडी करून आमच्यापुढं उभा होतास, ती पाहून सविता पदर तोंडाला लावून आत पळाली. आई म्हणाली, "झाका रं आता, पंख्याचं वारं लागंल." तू म्हणालास, "आई, मला थंडी वाजतीये." आई जी हसायला लागली ती थांबेना. आप्पा असते तर तेही हसले असते, बंडी घालून.

मग माझ्या कानाशी येऊन तू विचारलंस, "त्या बाईंचा नंबर दे की." मी म्हणालो, आधी त्या तपासण्या करतात, मग काट्यावर उभं करतात, मग वजन उतरवून या म्हणतात. तू शर्टाची बटणं लावलीस. "मंग ऱ्हाऊ दे. बंडीच बरी."

तुझी गाडी फाट्यावरून वळेपर्यंत मी अंगणात उभा होतो. मग विहिरीवर गेलो. या वेळी होला नव्हता. सुनीलचा धाकटा भाऊ मोटर चालू करायला आला होता. मी शर्ट काढला, बनियन काढली, आणि पायऱ्या उतरून गार पाण्यात कंबरेपर्यंत उभा राहिलो. तो म्हणाला, "काका, पोहता येतं का?" मी म्हणालो, "नाही." तो मोटर चालू करून निघून गेला. एवढंच झालं. मी इतकी वर्षं ज्या नजरेला घाबरत होतो, ती माझ्यावर धड पडलीही नाही.

म्हणून सांगतो. तू माझ्यासाठी सगळ्या घरादाराला बंड्या शिवल्यास, याहून मोठं कुणी काही केलेलं मला आठवत नाही. त्या सगळ्यांना घालू दे. तूही घाल, तुला हवी तर. पण पाटावर मी आप्पांच्या रीतीनं नाही, घराच्या रीतीनं बसणार आहे. डाव्या बाजूच्या खळग्यासकट, लाडवांच्या पोटासकट. कुणी हसलं तर हसू दे. तू हसलास तरी चालेल. फक्त या वेळी माझ्याशेजारी बसून हस. पहिला हात तुझाच लागू दे. पार्थला कळवलं आहे. तो म्हणाला, "म्हणजे बघू नाही ना?" मी म्हणालो, नाही.

गाळप चालू असताना रजा मिळायची नव्हती, पण साहेबांनी "पुतण्याची हळद आहे तर जायलाच हवं" म्हणून दिली. तू यंदा पाठवलेला दिवाळीचा डबाही घेऊन येतोय. सवितानं करंज्यांनी भरला आहे, झाकण बसेना म्हणून वरून दोरी बांधली आहे.

तुझा दादा,
सहादेव

ता. क. रोजनिशीत उद्याचं काम असं लिहिलंय: पिशवी भरताना पिवळी बंडी घरी ठेवणे.